मानेवरचा उन्हाळा

आपली मान मागून कशी दिसते हे आपल्याला कधीच कळत नाही. गावाला मात्र रोज दिसत असतं. सिटी बसमध्ये मागच्या सीटवरच्याला दिसतं, सिद्धेश्वराच्या दर्शनरांगेत पाठीमागे उभ्या असलेल्या मावशींना दिसतं, आणि सगळ्यात जवळून दिसतं ते न्हाव्याला. माझ्या मानेवर शिबं आली आहेत ही बातमी मला आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्यानंच दिली. अकरावीत होतो. मानेवरून मशीन फिरवता फिरवता तो थांबला, अंगठ्यानं कातडी ताणून बघितली आणि म्हणाला, "का बे, अंघोळ करतोस का नाही?" बाकावर नंबर लावून बसलेली मंडळी पेपरातून डोकं वर काढून बघायला लागली. मग त्यानं मागून आरसा धरला. कॉलरच्या जरा वर-खाली फिकट ठिपके, वाटाण्याएवढे, काही एकमेकांत मिसळून वेडावाकडा पट्टा झालेला. खाज नाही, आग नाही, दुखणं नाही. त्यानं दाखवलं नसतं तर मला पत्ताही लागला नसता.

तेव्हापासून शिबं माझ्याकडे येऊन-जाऊन असतात. त्यांच्याबद्दल मी पुष्कळ वाचलं, डॉक्टरांना विचारलं, नको असताना नातेवाइकांकडून ऐकलंही. माझं मत असं झालंय की या आजारात बुरशीचा त्रास फार थोडा आणि बघणाऱ्यांचा जास्त. बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात राहते. धडधाकट माणसाला त्यापलीकडे काही करत नाही. फार तर घाम आला की थोडं चुणचुणतं. ठणका लागतो तो "अंघोळ करतोस का नाही" याचा.

आणि अंघोळीचा विषय सोलापुरात तसाही नाजूक. नळाला रोज पाणी येत नाही. पाणी यायच्या दिवशी घरातली पिंपं, टाक्या, घागरी, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा हे इथल्या लेकरालाही ठाऊक असतं. अशा गावात एखाद्याच्या स्वच्छतेवर बोट ठेवणं म्हणजे त्याच्या आईच्या घर चालवण्यावरच बोट ठेवणं. मी सलूनमधून घरी येऊन सांगितलं तेव्हा आई बुरशीवर नाही, त्या सलूनवाल्यावर भडकली होती. "त्याला म्हणावं, ये आमच्याकडं, मोरीत बसून मोज."

तिचा राग रास्त होता, कारण शिब्यांचा आणि अस्वच्छतेचा संबंध नाही. ही बुरशी बाहेरून चिकटतच नाही. मॅलॅसेझिया नावाचं हे यीस्ट जवळजवळ प्रत्येक माणसाच्या अंगावर असतं. माझ्या होतं, त्या सलूनवाल्याच्या होतं, बाकावरून माना लांब करून बघणाऱ्यांच्याही होतं. तान्हेपणीच ते आपल्या कातडीवर येऊन राहतं आणि वयात येताना तेलग्रंथी जोर धरतात तेव्हा त्याची वस्ती वाढते. म्हणून शिबं लहान मुलांपेक्षा आणि म्हाताऱ्यांपेक्षा कॉलेजातल्या पोरापोरींना जास्त, आणि तीही छाती, पाठ, खांदे, मान, दंड अशा तेलकट जागी. एरवी ते गोल पेशींच्या रूपात निमूट असतं. उष्मा, घाम, तेल आणि अंगातलीच एखादी घराण्याची ठेवण असं सगळं जुळून आलं की त्याच गोल पेशी आखूड तंतू सोडायला लागतात, आणि डाग उमटतात. माझा धाकटा भाऊ त्याच खोलीत झोपायचा, तोच साबण, तोच टॉवेल वापरायचा. त्याला आजतागायत एक शिबं आलेलं नाही. याचा त्याला उगाचच अभिमान आहे.

टॉवेलचं मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे घरोघरी पहिला आरोप टॉवेलवरच होतो. गाव चादरी-टॉवेलचं, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं, पण मध्यमवर्गीय घरात दोरीवर टॉवेल एकच आणि पुसणारे पाच. गजकर्ण किंवा नायटा असेल तर हा आरोप खरा आहे. ती वेगळी बुरशी. ती टॉवेल, चादर, कपडे, अंगाला अंग यांतून पसरते आणि घरच्या घर धरते. तिची खाज रात्री झोपू देत नाही. शिब्यांच्या बाबतीत टॉवेल निर्दोष आहे. दोन्ही बुरश्याच म्हणून लोक एकाच पारड्यात टाकतात आणि शिबंवाल्याची ताट-वाटीसुद्धा वेगळी करतात.

सोलापूरची हवा तर कोरडी, मग इथे शिबं इतकी का, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. जगभरात हा आजार उष्ण आणि दमट भागांचा मानतात. स्वीडनसारख्या थंड देशात शंभरात एखाद्याला, आणि विषुववृत्ताजवळच्या काही भागांत लोकसंख्येच्या 40 टक्क्यांपर्यंत असं प्रमाण सांगतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो खरा, पण घाम फुटतो तसा वाळतोही. उत्तर मला मित्राच्या वडिलांच्या कारखान्यात मिळालं. पूर्व भागात त्यांचे यंत्रमाग होते. वर पत्रा, खिडक्या जवळजवळ बंद, कारण कोरडी झुळूक आली की सूत तुटतं. सुताला दमट हवा लागते. कापसाची तूस हवेत तरंगतेय, खडखडाटात समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि बनियनवरचे कामगार खांद्यावर टॉवेल टाकून या मागावरून त्या मागावर. बाहेर कोरडा उन्हाळा आणि पत्र्याखाली सुताच्या सोयीचा पावसाळा. त्यांच्या बनियनच्या पट्टीला लागून खांद्यांवर मी जेवढी शिबं बघितली तेवढी एकाच जागी पुन्हा कुठे बघितली नाहीत. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत त्याला शोभी म्हणतात, अक्कलकोटकडच्या कानडी घरांत चिब्बू. काका माझी मान बघून म्हणाले, "शोभी की रे ही. मिरगात वाढंल, दिवाळीला जाईल." इतक्या निवांतपणे माझ्या मानेबद्दल तोवर कुणी बोललं नव्हतं.

बाकीच्यांचं काय, तर टेरिकॉटचा शर्ट, त्यावर सॅक, डोक्यावर हेल्मेट आणि कॉलरच्या आत बांधलेला रुमाल. माणूस आपल्या अंगावर स्वतःचा एक छोटा पत्र्याचा कारखाना घेऊनच फिरतो. मग वळीव पडतो, हवा जड होते आणि डाग वर येतात.

आता 'वर येतात' म्हणालो त्यातही एक गंमत आहे. पुष्कळदा डाग आधीपासून असतात. उन्हानं भोवतालची कातडी रापते, डागाची रापत नाही, आणि फरक ठसठशीत दिसायला लागतो. लोक म्हणतात, उन्हानं शिबं आली. उन्हानं ती फक्त दाखवलेली असतात. डाग का रापत नाही, याचं कारण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत चमत्कारिक वाटतं. ही बुरशी आपल्या कातडीवरची चरबी खाता खाता ॲझेलाइक ॲसिड नावाचा पदार्थ तयार करते. कातडीला रंग देणारं मेलॅनिन ज्या एन्झाइममुळे बनतं, त्या टायरोसिनेजला हे ॲसिड अडवतं. म्हणजे कातडी खराब होत नाही, रंगाचं काम तेवढं थंडावतं. पुढे याच ॲसिडची मलमं आली. ती आज मुरुमांवर आणि वांगावर डॉक्टर लिहून देतात. मैत्रिणीला कुणी वांगासाठी असलं मलम दिलं की मला माझ्या मानेबद्दल थोडा आदर वाटतो.

सगळ्यांचे डाग पांढरेच असतात असंही नाही. गोऱ्या माणसाला ते तपकिरी किंवा गुलाबी दिसतात, आणि कधी कधी एकाच पाठीवर फिकट आणि गडद शेजारी शेजारी.

त्वचेच्या डॉक्टरकडे मी गेलो तो नोकरी लागल्यावर. त्याआधी घरचे उपाय. टाकळ्याचं बी ताकात वाटून लावलं, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, गंधकाचा साबण झाला, आत्याच्या सांगण्यावरून लिंबू चोळून उन्हात बसलो. यातल्या गंधकात तथ्य आहे. गंधकाची मलमं डॉक्टरही पूर्वी देत. लिंबाच्या वाटेला मात्र कुणी जाऊ नये. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजल्यासारखी होते आणि काळे डाग पडतात, जे शिब्यांहून हट्टी. माझे ते पुढे बरेच महिने राहिले, आणि आत्याचं म्हणणं असं की लिंबू पिकलेलं नसणार.

डॉक्टर मॅडम वयानं माझ्याहून लहानच असाव्यात. त्यांनी शर्ट काढायला सांगितला, ट्यूबलाइटखाली उभं केलं, आणि कातडी दोन बोटांत ताणून अंगठ्याच्या नखानं एका डागावरून हलकीशी रेघ ओढली. बास, एवढंच. जिथून नख गेलं तिथे बारीक, पिठासारखा कोंडा उठला. नुसत्या डोळ्यांना तो डाग गुळगुळीत दिसत होता. नख फिरेपर्यंत तिथे कोंडा आहे याचा मागमूस नव्हता. "हे बघा, कोड असतं तर असं काही निघालं नसतं," मॅडम म्हणाल्या. मग कापसाची वात करून डागावर टेकवली आणि डोळे मिटून कुठे लागतंय ते सांगायला लावलं. मी बरोबर सांगितलं. ते कशासाठी होतं हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर पोटात गोळा आला. त्या कुष्ठरोगाची खात्री करून घेत होत्या. कुष्ठरोगाचा चट्टाही फिकट असतो, पण तिथली संवेदना गेलेली असते. कापूस टेकवला तरी कळत नाही. आपल्याकडे 2005 च्या अखेरीला देशपातळीवर त्याचं प्रमाण 10,000 लोकांमागे एकाच्या खाली आलं, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. तरी नाव काढलं की घर गप्प होतं. म्हणून सांगतो, चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर शिबं म्हणून घरी बसू नये.

मॅडमनी तो कोंडा बोथट पात्यानं काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ जाऊ दिला आणि सूक्ष्मदर्शकात बघून मला बोलावलं. "या, बघा तुमचंच आहे." आत आखूड, किंचित वाकलेले तंतू आणि त्यांच्यात गोल दाण्यांचे घोस. परदेशी पुस्तकांत याला स्पॅगेटी आणि मीटबॉल म्हणतात, असं त्यांनी सांगितलं, आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "आपण शेवया आणि बुंदी म्हणू." दुसरा एखादा आजार असता तर मी हसलो नसतो.

ते नख माझ्या डोक्यातून जात नव्हतं. पुढे एका वैद्य मित्रानं चरकसंहितेतलं सिध्म नावाच्या विकाराचं वर्णन दाखवलं तेव्हा मी उडालोच. पांढरं किंवा तांबूस, पातळ, घासलं की धूळ सोडणारं, दुधी भोपळ्याच्या फुलाच्या रंगाचं, आणि बहुतेक करून छातीवर. घासलं की धूळ! सूक्ष्मदर्शक नाही, बुरशी ही कल्पना नाही, पण कुणीतरी कुणाच्या तरी छातीवर नख फिरवून बघितलं होतं आणि जे दिसलं ते तेवढंच लिहिलं होतं. 'बहुतेक करून' हा शब्दही मला आवडतो. ज्यानं पुष्कळ छात्या बघितल्या तोच इतका सावध लिहितो. मात्र चरकांनी सिध्माला सात महाकुष्ठांत बसवलंय आणि सुश्रुतांनी क्षुद्र कुष्ठांत उतरवलंय. या वादात मी सुश्रुतांच्या बाजूचा.

युरोपात हा बुरशीचा आजार आहे हे 1846 मध्ये आइखश्टेट नावाच्या जर्मन डॉक्टरानं दाखवलं. मालासे या फ्रेंच संशोधकानं पुढे 1874 मध्ये डोक्याच्या कोंड्यात असल्याच पेशी बघितल्या आणि 1889 मध्ये त्याच्या नावावरून या बुरशीचं बारसं झालं. डोक्यातला कोंडा आणि पाठीवरची शिबं यांच्यामागे एकच कुळी आहे हे मला त्या निमित्तानं कळलं, आणि कोंड्याचा शाम्पू पाठीला का लावायला देतात याचाही उलगडा झाला.

आता तेल. आईशी माझा खरा वाद इथे. आमच्या घरी कुठल्याही कातडीच्या तक्रारीवर पहिला उपाय खोबरेल. भेगा, खाज, भाजणं, चिरणं, सगळ्याला खोबरेल. शिब्यांनाही तेच: रविवारी सकाळी पाठ चोपडून घ्यायची, तासभर उघडं बसायचं आणि मग अंघोळ. ही बुरशी जगते तेलावर. प्रयोगशाळेत ती वाढवायची तर माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो, नाहीतर बहुतेक जाती वाढतच नाहीत. 2007 मध्ये तिच्या एका जातीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा दिसलं की फॅटी ॲसिड स्वतः तयार करायची यंत्रणाच तिच्याकडे नाही. ती आयत्यावर जगते, आणि आम्ही तिला दर रविवारी जेवण वाढत होतो. हे मी आईला समजावून सांगितलं. जनुकसंच वगैरे शब्द टाळून सांगितलं. ती म्हणाली, "तुझे आजोबा तालमीत जन्मभर तेल चोळून घेत होते. त्यांना काय झालं?" आजोबांची पाठ मी कधी उघडी बघितलेली नाही, त्यामुळे या मुद्द्यावर मी आजही हरलेलाच आहे. तह असा झालाय की तेल डोक्याला, तेही नहायच्या आधी तासभर, आणि पाठीला नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला हा तह लागू नाही.

पुरुषाच्या मानेवर शिबं आली की सलूनमध्ये हशा होतो आणि प्रकरण तिथेच संपतं. बाईचं तसं नाही. माझ्या मावसबहिणीला दंडावर आणि पाठीवर शिबं होती, आणि लग्नाचं बघणं चालू होतं. शिंप्याला सांगून सगळ्या ब्लाउजांचे गळे वर घेतले, बाह्या कोपरापर्यंत आणल्या. तो जून महिना होता, आणि बंद ब्लाउजात घाम साचून डाग मनगटाकडे सरकले. बघायला आलेल्या मंडळींत मुलाच्या काकू होत्या. बहिणीनं पाण्याचा ग्लास पुढे केला तर काकूंची नजर ग्लासावर नव्हतीच. चष्मा खाली ओढून त्या तिच्या हाताकडे बघत राहिल्या, आणि ग्लास मध्येच तसाच. नंतर निरोप आला, पुढं कळवतो. कोणीतरी कोड म्हणालं असणार. कोडही काही पाप नाही, तोही लागट नाही. पण त्या दिवाणखान्यात हे कोण सांगणार? तिचं लग्न नंतर झालं, छान झालं. तरी अजून पाहुणे आले की ती पाणी ट्रेमध्येच देते, हातातून देत नाही.

लहान मुलांच्या गालांवर फिकट चट्टे दिसले की आमच्याकडे दुसरीच दोन निदानं तयार असतात: पोटात जंत, नाहीतर कॅल्शियम कमी. जंताची गोळी दिली जाते, कॅल्शियमची बाटली आणली जाते, आणि चट्टे तिथेच. बहुतेकदा ती कोरड्या कातडीची सौम्य तक्रार असते. ती शिबं नव्हेत, जंत तर नव्हेतच. साधं ओलावा टिकवणारं मलम आणि थोडा धीर एवढं पुरतं.

खरं नुकसान होतं ते मेडिकलच्या काउंटरवर. डाग दाखवला की एक ट्यूब पुढे येते, ज्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोडीला जोरदार स्टिरॉइड असं सगळं कालवलेलं असतं. मीही अशी ट्यूब वापरणारे डझनभर बघितलेत. पहिल्या आठवड्यात बरं वाटतं, कारण स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं. मग बुरशी मोकाट पसरते, कातडी पातळ होते, केसाएवढ्या लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं स्टिरॉइडची 14 मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. चिठ्ठी मागणारा दुकानदार दिसला तर मी त्याला मनातल्या मनात नमस्कार करतो. अजून तशी फारशी वेळ आलेली नाही.

खरा उपचार स्वस्त आणि कंटाळवाणा आहे. कीटोकोनॅझोलचा शाम्पू किंवा सेलेनियम सल्फाइडचं लोशन, मानेपासून कमरेपर्यंत आणि दंडांना लावायचं, पाच-दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं, डॉक्टर सांगतील तितके दिवस. डाग दिसतात तेवढ्यावरच लावून भागत नाही, कारण न दिसणाऱ्या जागीही तंतू असतात. पसारा मोठा असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. पण नायट्यावर चालणारी टर्बिनाफिनची गोळी इथे कामाची नाही, आणि पूर्वी सर्रास दिली जाणारी कीटोकोनॅझोलची गोळी लिव्हरला त्रास देते म्हणून 2013 नंतर मागे पडली. म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. दहा मिनिटं फेस अंगावर ठेवून मोरीत उभं राहणं हे काय प्रकरण आहे ते पाण्याचा दिवस नसताना करून बघावं. बाहेरून दार वाजतं, "झालं का रे? पिंपातलं घेऊ नको," आणि आपण घड्याळाकडे बघत ओणवे.

आणि एवढं करून डाग दिसतातच. इथे भले भले गडबडतात. बुरशी आठवड्या-दोन आठवड्यांत मरते, पण थंडावलेलं रंगाचं काम पुन्हा चालू होऊन तो भाग भोवतालाशी मिळायला महिने जातात. या मधल्या काळात माणूस बरा झालेला असतो आणि तसा दिसत नसतो. लोक विचारतात, "औषध लागू पडलं नाही वाटतं?" तो दुसरं औषध आणतो, मग तिसरं, मग ती ट्यूब. मॅडमनी मला नखाची युक्ती याचसाठी शिकवली होती. कातडी ताणून नख फिरवा. कोंडा उठला तर बुरशी जिवंत आहे, नाही उठला तर फक्त रंग परतायचा बाकी आहे, गप्प बसा. पाठीवर आपला हात पोचत नाही, त्यामुळे हे काम आमच्या घरी बायको करते आणि "काही नाही, शर्ट घाल" एवढाच निकाल देते.

परत येणं हाही या आजाराचा धर्मच. पहिल्या वर्षात 60 टक्के आणि दोन वर्षांत 80 टक्के लोकांना पुन्हा होतो असे आकडे वैद्यकीय पुस्तकांत सापडतात. बुरशी आपलीच असल्यावर ती कुठे जाणार? मी मार्च ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा शाम्पू अंगाला लावतो, घामाचा शर्ट संध्याकाळी अंगावर ठेवत नाही, आणि तरी एखाद्या वर्षी खांद्यावर दोन ठिपके उगवतातच. सलूनवाला आता म्हातारा झालाय. तो काही विचारत नाही, मी काही सांगत नाही.

यंदा मेमध्ये भाचा सुट्टीला आला होता. सातवीत आहे, पोहायचं वेड. पोहायच्या वर्गाला नाव घातलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या सरांनी त्याला पाण्यातून बाहेर काढलं: पाठीवर डाग आहेत, इतर मुलांना होईल. घरी आला तो टॉवेल पाठीवरून पांघरून, उन्हात चालत. मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांचेही केस आता थोडे पिकलेत. नख फिरलं, कोंडा उठला, भाच्याला सूक्ष्मदर्शकातून शेवया-बुंदी दाखवण्यात आली आणि तो भलताच खूश झाला. मावशीला, आजीला, मित्राला फोनवर सांगत सुटला की माझ्या पाठीवर फंगस आहे. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली: हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही, मुलाला पोहू देण्यास हरकत नाही. खाली सही-शिक्का.

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. शिक्का नीट बघितला. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात तर ठीक आहे. पण टॉवेल त्याचा त्याला वेगळा आणायला सांगा."

"किती आणू?" भाच्यानं विचारलं. त्याच्या आजीच्या कपाटात लग्नाकार्यांत आलेले सोलापुरी टॉवेल घडी न मोडता ठेवलेत, आणि ते वापरायला काढायला आजवर तिला कुणीही तयार करू शकलेलं नव्हतं.